जुन्या फंक्शनचे करावे काय?

आमच्या वसतिगृहात वाढलेली काही मुले आज संगणक कंपन्यांत प्रोग्रॅम लिहितात. त्यांच्या बोलण्यात ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ हा शब्द वारंवार येतो. भाषेची नवी आवृत्ती आली तरी जुने प्रोग्रॅम पूर्ववत चालले पाहिजेत, असा त्याचा सरळ अर्थ. प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेसोबत तयार फंक्शनांचा संच मिळतो. त्यास स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. तिच्यातील एकेका फंक्शनवर जगभरचे असंख्य प्रोग्रॅम विसंबलेले असतात. त्यामुळे त्यातील चूकही सहजासहजी दुरुस्त करता येत नाही.

इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हांस सनावळीचे उदाहरण जवळचे वाटते. जावास्क्रिप्ट भाषेतील ‘गेटइयर’ हे फंक्शन सालातून १९०० वजा करून उत्तर देते. १९९९ साली ९९ मिळाले, २००० साली १००! ज्यांनी त्या आकड्याआधी ‘१९’ चिकटवले होते, त्यांच्या पडद्यावर १९१०० हे साल उमटले. फंक्शनच सुधारले असते, तर ज्यांनी योग्य रीतीने १९०० मिळवले होते, त्यांचे साल ३९०० झाले असते. म्हणून जुने तसेच ठेवून ‘गेटफुलइयर’ हे नवे फंक्शन शेजारी बसवण्यात आले. येथे जुन्याची जपणूक योग्यच होती.

परंतु जुने फंक्शन केवळ गैरसोयीचे नसून घातक असेल तर? सी भाषेतील ‘गेट्स’ (बिल गेट्स यांच्याशी त्याचा संबंध नाही) बाहेरून आलेली ओळ वाचून संगणकाच्या स्मृतीत ठेवी. पण तेथे जागा किती आहे, हे त्यास सांगण्याची सोयच नव्हती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने इतर फटींबरोबर हीही फट वापरली. ५१२ बाइटच्या जागेत त्याने ५३६ बाइट ओतले आणि जे बाहेर सांडले त्यातून संगणकाचा ताबा मिळवला. हजारो संगणक बाधित झाले. तरीही पुढच्याच वर्षी संमत झालेल्या सी भाषेच्या प्रमाणकात ‘गेट्स’ कायम राहिले. ते दीर्घकाळ रूढ आहे, हे त्याचे एक कारण. प्रमाणकातून ते वगळले गेले २०११ साली, म्हणजे २३ वर्षांनी. हा विलंब आम्हांस समर्थनीय वाटत नाही. जागेचे माप मागणारे ‘एफगेट्स’ लायब्ररीत आधीपासून होतेच.

मात्र नुसते नाव बदलून भागत नाही. ओळ संपल्याची खूण ‘गेट्स’ टाकून देई, ‘एफगेट्स’ ती राखून ठेवते. जुना प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्यास ती स्वतः काढावी लागते.