गडग्यांमधून जाणारी वाट

इंग्लंडमधील एडेल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येटमपर्यंत जाणारी सुमारे 431 किलोमीटर लांबीची ‘पेनाइन वे’ 24 एप्रिल 1965 रोजी खुली झाली आणि राष्ट्रीय पायवाट म्हणून इंग्लंडमध्ये पहिला मान तिला मिळाला. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने 1935 मध्ये तिची कल्पना मांडली होती. मात्र 1949 च्या राष्ट्रीय उद्यानविषयक कायद्याने अशा वाटांना आधार दिल्यावरच ती आकाराला येऊ शकली.

या वाटेचा बराच भाग मेंढपाळांच्या नांदत्या कुरणांतून जातो. तेथे चालणाऱ्याला वहिवाटीचा, म्हणजे ठरलेल्या वाटेने ये-जा करण्याचा हक्क असतो. जमीन आणि गवत शेतकऱ्याचेच राहते. 1980 च्या महामार्ग कायद्यानुसार फाटके आणि कुंपण ओलांडण्याच्या पायऱ्या जमीनमालकाने सुस्थितीत ठेवायच्या असतात व त्या खर्चाचा किमान चौथा हिस्सा स्थानिक प्राधिकरणाने उचलायचा असतो. दलदलीच्या पठारांवर जुन्या कापडगिरण्यांच्या दगडी लाद्या हेलिकॉप्टरने नेऊन अंथरण्यासारखी मोठी कामे सार्वजनिक निधीतून झाली. परंतु तुंबलेले चर उपसणे, माजलेले रान कापणे, खुणेचे खांब पुन्हा रोवणे ही सततची कामे हातावेगळी होतात ती बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्या श्रमामुळे.

त्यांतील सर्वांत कसबाचे काम गडग्याचे. चुना किंवा सिमेंट न वापरता रचलेल्या या भिंतीला आत कललेल्या दोन बाजू असतात, त्यांच्या पोकळीत बारीक दगड ठासून भरतात, दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड मध्ये आडवे घालतात आणि माथ्यावर जड दगड उभे बसवतात. जेथून वाट पलीकडे जाते तेथे असेच काही लांब दगड भिंतीबाहेर काढून त्यांच्या पायऱ्या करतात. त्यांवरून माणूस चढून जातो, मेंढ्या मात्र अलीकडेच राहतात. एखादी पायरी निखळली की लोक शेजारून भिंतीवर चढतात, माथ्याचे दगड ढासळतात, खिंडार पडते आणि कळप शेजारच्या कुरणात शिरतो. वेळीच बसवलेला एक दगड म्हणूनच पादचारी आणि मेंढपाळ या दोघांच्याही उपयोगी पडतो.

कायद्याने दिलेला हक्क शेतकऱ्याच्या रोजच्या कामाला जाच न होता वापरता यावा, यासाठी हे स्वयंसेवक राबतात. अशा वाटेने जाणाऱ्याने निदान एवढे करावे: उघडलेले फाटक पुन्हा लावावे, कोकरांच्या हंगामात कुत्रा दोरीने बांधून न्यावा आणि पायरी सोडून भिंतीवर चढू नये.