मलाबाची रांग आणि कंपालाची महागाई

केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर मलाबा हे छोटेसे शहर आहे. मधून त्याच नावाची नदी वाहते आणि दोन्ही तीरांवर दोन देशांची, पण एकाच नावाची वस्ती आहे. एरवी या ठिकाणाची चर्चा क्वचितच होते. मात्र येथील मालमोटारींची रांग हलली नाही, तर युगांडाची राजधानी कंपाला येथील पेट्रोल पंप कोरडे पडू लागतात. जानेवारी 2022 मध्ये नेमके तेच घडले.

याचे कारण भूगोलात आहे. युगांडा, रवांडा, बुरुंडी आणि दक्षिण सुदान या देशांना समुद्रकिनारा नाही. त्यांचा बराचसा माल केनियाच्या मोंबासा बंदरात उतरतो आणि नैरोबीमार्गे ‘नॉर्दर्न कॉरिडॉर’ या महामार्गाने पश्चिमेकडे जातो. मलाबा आणि शेजारचे बुसिया ही या मार्गावरील दोन प्रमुख दारे. केनियातील तेलवाहिनी एल्डोरेट व किसुमूपर्यंतच पोहोचते; पुढे इंधन मुख्यतः टँकरनेच न्यावे लागते.

ही सीमा ब्रिटिशांची देणगी आहे. 1902 मध्ये त्यांनी युगांडाचा पूर्वेकडील मोठा प्रदेश आजच्या केनियाला जोडला. परिणामी तेसो समाज दोन देशांत विभागला गेला. नातीगोती मात्र आजही नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत.

पूर्वी प्रत्येक मालमोटारीची येथे दोनदा तपासणी होत असे, एकदा देश सोडताना आणि पुन्हा पलीकडे प्रवेश करताना. आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच आवारात बसतात आणि वाहन फक्त प्रवेशाच्या बाजूला थांबते. यालाच ‘वन स्टॉप’ सीमा नाका म्हणतात. शिवाय 2014 पासून एकत्रित सीमाशुल्क व्यवस्थेमुळे युगांडाकडे जाणाऱ्या मालाचे शुल्क तो मोंबासातून निघण्यापूर्वीच भरता येते.

मग 2022 मध्ये रांग का लागली? युगांडाने प्रवेश करणाऱ्या चालकांना सशुल्क कोरोना चाचणी सक्तीची केली. चालकांनी विरोध करून वाहने जागीच उभी केली. केनियाच्या बाजूला कित्येक किलोमीटरची रांग लागली, युगांडात इंधनाची टंचाई झाली आणि दर भडकले. अखेर चालकांवरील सक्ती युगांडाला स्थगित करावी लागली.

सामाईक इमारत आणि संगणक यांमुळे तास वाचतात, यात शंका नाही. परंतु एका देशाने एकट्याने काढलेला आदेश ते सारे तास एका दिवसात गिळू शकतो. त्याची किंमत आधी मोजतो तो मोटारीखाली झोपणारा चालक, आणि नंतर शेकडो किलोमीटर दूरचा ग्राहक.