श्रावणातल्या चार कादंबऱ्या

श्रावण लागला की आपल्याकडे घरोघर पोथी निघते. कुणाकडे शिवलीलामृत, कुणाकडे हरिविजय. वाचणारा एक आणि ऐकणारी दहा, ही पोथीची रीत. कादंबरीची रीत नेमकी उलट. ती एकट्याने, कोपरा धरून वाचायची. आणि जुन्या काळी तर वडीलधाऱ्यांची नजर चुकवून! यंदाच्या श्रावणात आमच्या माधवनगरच्या घरी मात्र कादंबऱ्याच पोथीसारख्या वाचल्या गेल्या. महिन्यात चार कादंबऱ्या झाल्या. त्यांतून जे हाती लागले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले.

याला कारण माझ्या सासूबाई. वय वर्षे चौऱ्याऐंशी. वाचनालयाचे पुस्तक आठवड्याच्या आत संपवून परत करायचे, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजू लागला. उतारवयात हा विकार पुष्कळांना होतो. माणूस पुरता आंधळा होत नाही. कडेकडेचे दिसते, पण ज्यावर नजर रोखावी नेमके तेच पुसट होते. दार दिसते, दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. मग छापील अक्षर कुठले दिसायला? सासूबाईंना झाला आहे त्या प्रकारावर मोतीबिंदूसारखी शस्त्रक्रिया नाही, आणि चष्म्याचा नंबर वाढवूनही उपयोग नाही.

वाचन सुटले आणि सासूबाईंचे बोलणेही कमी झाले. जेवण दोन घासांवर आले. मुलाने हौसेने मोबाइलवर पुस्तके ऐकण्याची सोय करून दिली. चार दिवस ऐकून त्यांनी तो यंत्राचा तुकडा बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तो बाबा थांबतच नाही गं! मध्येच काही वाटलं तर सांगायचं कुणाला?"

या एका वाक्याने मला वाट दाखवली. माणसाला नुसती गोष्ट नको असते, गोष्टीवर बोलायला माणूसही हवे असते. दुपारी एक तास आणि रात्रीची आवराआवर झाल्यावर एक तास, असे वाचायचे मी ठरवले. मोठ्याने वाचताना तासाला वीस-बावीस पाने होतात. म्हणजे महिन्याला हजार-बाराशे पाने सहज होतात, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे.

आता वाचायचे काय? मनात आले, लांब कशाला जा? आपल्या मातीतून आलेल्या लेखकांच्याच कादंबऱ्या घ्याव्यात. यादी करायला बसले तर घराजवळच केवढे धन! वि. स. खांडेकर जन्मले सांगलीत, १८९८ साली. व्यंकटेश माडगूळकर आटपाडीकडच्या माडगूळचे. अण्णा भाऊ साठे वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे आणि विश्वास पाटील नेर्ल्याचे. चौघांची एकेक कादंबरी निवडली. 'ययाति' तेवढी आमच्या कपाटात होती, आतल्या पानावर सासूबाईंचे नाव घातलेली. बाकीच्या तीन वाचनालयातून आणल्या.

पहिला मान 'बनगरवाडी'ला दिला, कारण ती आटोपशीर. १९५५ सालची ही कादंबरी. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो, एवढीच गोष्ट. पण मोठ्याने वाचताना पहिली अडचण आली ती बोलीची. डोळ्यांनी वाचताना माणदेशी संवादांवरून नजर भरभर पुढे सरकते. मोठ्याने वाचताना तसे पळता येत नाही. कारभारी, आनंदा रामोशी यांच्या तोंडची वाक्ये मी शाळेतल्या धड्यासारखी वाचू लागले, तेव्हा सासूबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी! आणि त्यांनी स्वतःच ती वाक्ये म्हणून दाखवली. त्यांचे बालपण त्या बाजूला गेलेले.

एका बैलाच्या जोडीला बायकोने जू खांद्यावर घेतल्याचा प्रसंग आला, तिथे मी थांबले. सासूबाई म्हणाल्या, "पुढे वाच. ती बाई थांबली होती का?" शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. आज टेंभू योजनेचे पाणी आटपाडी तालुक्यात पोहोचले आहे आणि त्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. पण पाणी नव्हते तेव्हा माणसे कशी जगली, याचा दाखला पाटबंधाऱ्याच्या नकाशात सापडायचा नाही. तो या लहानशा पुस्तकात आहे.

दुसरी 'फकिरा'. तिचे नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "त्यात मारामाऱ्या फार असतील." मारामाऱ्या आहेतच. पण त्या कशासाठी, हे ऐकत गेल्यावर त्यांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईच्या चाळीत आणि झोपडीत राहून त्यांनी आपल्या गावच्या, आपल्या मांग समाजातल्या वीराची ही कथा लिहिली. ती १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला त्यांनी ती अर्पण केली आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागतात, तेव्हा फकिरा इंग्रजांचा खजिना लुटतो. आणि गावचे विष्णुपंत कुलकर्णी त्याच्या पाठीशी उभे राहतात.

त्या रात्री सासूबाई बराच वेळ जाग्या होत्या. सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची. आम्ही तिच्या भाकरीला नावं ठेवायचो. दुष्काळी कामावर खडी फोडून एक बाई दाराशी यायची. तीच भाकरी पदरात बांधून न्यायची. वर्षभर येत होती. मी तिचं नाव कधी विचारलं नाही." मी काही बोलले नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी एखादी कादंबरी माणसाकडून पन्नास वर्षांपूर्वीचा हिशेब मागते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

तिसरी 'ययाति'. हीसुद्धा १९५९ सालचीच. त्या वेळी आपल्या जिल्ह्याला सांगली हे नावही मिळालेले नव्हते. तो दक्षिण सातारा होता. एकाच वर्षी एकाच जिल्ह्याच्या दोन सुपुत्रांनी एक राजवाड्याची आणि एक मांगवाड्याची अशा दोन कादंबऱ्या मराठीला दिल्या, याची गंमत वाटते. 'ययाति'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ सालचे ज्ञानपीठ खांडेकरांना लाभले. मराठीतले ते पहिले ज्ञानपीठ.

आमच्या पिढीने 'ययाति' वाचली ती भाषेच्या मोहाने. वह्यांतून वाक्ये उतरून घेतली. मोठ्याने वाचताना काही ठिकाणी ती भाषा फार सजलेली वाटते, हे खरे सांगितले पाहिजे. पण कादंबरीची बांधणी कानाला अधिक कळते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात, आणि ऐकणारा प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या बाजूचा होतो. सासूबाई म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा वाचली, तेव्हा मला देवयानी खरी वाटली होती. मानिनी म्हणून. चाळिशीत वाचली तेव्हा शर्मिष्ठा. आता ऐकते आहे तर त्या ययातीचीच कीव येते. म्हातारपण आल्यावर मुलापुढे हात पसरला त्याने." थोडे थांबून म्हणाल्या, "मी नाही तारुण्य मागणार. मला नुसते डोळे हवे होते."

तेव्हा मी त्यांना सांगितले की, खांडेकरांचीही दृष्टी उतारवयात गेली होती. पण लेखनिकाला सांगून त्यांचे लेखन चालूच राहिले. सासूबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या लेकीला जवळ बसवून आपल्या माहेरच्या आठवणी वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. आजवर सतरा पाने झाली आहेत.

चौथी 'झाडाझडती', १९९१ सालची. हिलाही १९९२ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणाखाली जाणाऱ्या गावाची आणि तिथून उठवलेल्या माणसांची ही कहाणी. आम्ही सांगलीकर पुराला सरावलेले. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या नगर वाचनालयात शिरले आणि हजारो पुस्तके भिजली, ते दुःख अजून ताजे आहे. त्यामुळे पाणी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, अशा समजुतीत आम्ही ऐकत-वाचत होतो.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी मूळच्या वारणा खोऱ्यातल्या. चांदोलीच्या धरणात त्यांचे गाव गेले, तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या. काम संपले तरी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून ऐकू लागल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना आत बोलावून शेजारी बसवले आणि पहिला प्रश्न विचारला तो त्यांच्या नावाचा. सात वर्षे आम्ही सगळी त्यांना मावशीच म्हणत आलो होतो.

वाचन चालू असता मी पुराची आठवण काढली, तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "वैनी, तुमचं पाणी आठ दिसांत उतारलं. आमचं उतारलंच न्हाई." मग पुस्तक बाजूला राहिले आणि तासभर त्याच बोलत होत्या. वडिलांना मिळालेली जमीन कशी खडकाळ निघाली, एका कागदासाठी एका कचेरीत किती खेटे घालावे लागले, आणि आई मरेपर्यंत उन्हाळ्यात गावाच्या दिशेने तोंड करून कशी बसे. शेवटी म्हणाल्या, "लिवणाऱ्यानं बरूबर लिवलंय. आमचं कुणी लिवलं आसंल आसं वाटलं नव्हतं."

श्रावण अमावास्येला शेवटचे पान झाले. महिन्याचा जमाखर्च मांडायचा तर सासूबाईंचे डोळे होते तसेच आहेत, ते सुधारणारे नाहीत. पण ताटातली पोळी पुरती संपते आणि दुपारी 'आता काय लावायचं?' अशी विचारणा होते.

या चार कादंबऱ्यांनी मला एवढे शिकवले की, आपल्या घरापासून तास-दीड तासाच्या वाटेवर जे घडले ते आपल्याला पुस्तकातूनच कळायचे असते. आणि पुस्तक मोठ्याने वाचले तर ज्याचे ते आहे तो माणूस कधी कधी आपल्याच स्वयंपाकघरात उभा असतो. आता दिवाळीला मुले-नातवंडे घरी येतील. फराळ होईल, फटाके उडतील. घरात कुणा आजी-आजोबांची नजर अधू झाली असेल, तर दिवसातला एक तास त्यांना द्या. पुरूने बापाला आपले सारे तारुण्य दिले. आपल्याला एवढे कुणी मागत नाही. तासभर आपला आवाज पुरतो. तो देताना स्वयंपाकघराचे दार मात्र उघडे ठेवा.