जंतूवाचून रोग

रोग म्हटला की त्यामागे जंतू असायचाच, ही गोष्ट आता आपल्या गावातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पटकीचा जंतू पाण्यातून येतो, हिवतापाचा डासाच्या सोंडेतून येतो, आणि पिसाळलेले कुत्रे चावले तर त्याच्या लाळेतला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू गाठतो. पाणी उकळा म्हणजे जंतू मरतील, असे आपण सांगतो, आणि ते खरेही आहे. पण मुळात जे जिवंतच नाही, असे काही एका देहातून दुसऱ्या देहात जाऊन रोग उत्पन्न करील काय? हा प्रश्न प्रथम निघाला तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांनी मान हलवून नाही म्हटले. उत्तर मात्र ‘होय’ असे आले. ते कसे आले, त्याची ही हकीगत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व भागातील डोंगराळ मुलखात फोरे नावाचे लोक राहतात. रताळी लावावी, डुकरे पाळावी, असा त्यांचा संसार. १९५७ साली व्हिन्सेंट झिगास हा तेथील सरकारी डॉक्टर आणि कार्लटन गायडुसेक हा अमेरिकन डॉक्टर या दोघांनी तेथल्या एका विलक्षण रोगाची माहिती जगापुढे मांडली. फोरे लोक त्याला ‘कुरू’ म्हणत; कुरू म्हणजे थरथरणे. प्रथम चालताना तोल जाई, मग अंग कापू लागे, बोलणे अडखळे. पुढे रोग्याला बसवेना, घास गिळवेना, आणि साधारण वर्षभरात त्याचा अंत होई. ताप नाही, सूज नाही. बळी पडत त्या बहुतेक बायका आणि मुले. काही वस्त्यांत तर लग्नाला बायकाच उरल्या नाहीत.

फोरे लोक म्हणत, ही करणी आहे. कोणीतरी शत्रूने मंत्र घातला, असे समजून संशयिताचा सूड घेतला जाई. म्हणजे रोगाने एक मरे आणि संशयाने दुसरा. आपण त्यांना हसू नये. आपल्याकडेही करणीच्या संशयावरून माणसे मारली गेली आहेत.

डॉक्टरांना आधी वाटले, रोग आनुवंशिक असावा, कारण तो एकेका घरात फिरे. पण शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ १९६१ पासून त्या वस्त्यांत राहिले, म्हाताऱ्याकोताऱ्यांशी बोलले. तेव्हा कळले की हा रोग पिढ्यान्‌पिढ्यांचा नाही. पहिला रोगी कोणत्या गावी झाला, हे सांगणारी माणसे हयात होती. रक्तातला दोष इतक्या थोड्या काळात असा पसरत नाही. दुसरी गोष्ट अशी कळली की, घरातले माणूस गेले म्हणजे त्याचे मांस खाण्याची त्यांची रीत होती. त्यात क्रौर्य नव्हते. आपले माणूस किड्यांनी खाण्यापेक्षा आपल्या पोटात जावे, ही माया होती. मेंदू वाट्याला येई तो बायकांच्या आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांच्या. पुरुष त्याला फारसे शिवत नसत. मग कोण मरत होते आणि का, याचा उलगडा होऊ लागला.

दरम्यान १९५९ साली विल्यम हॅडलो या पशुवैद्याने कुरूच्या रोग्यांच्या मेंदूची चित्रे पाहिली आणि तो चमकला. मेंढ्यांना ‘स्क्रेपी’ नावाचा जुना रोग होतो. मेंढी अंग घाशीत राहते, तोल सोडते, मरते. त्या मेंढ्यांच्या मेंदूलाही अशीच स्पंजासारखी भोके पडतात. स्क्रेपी टोचून दुसऱ्या मेंढीला देता येतो, हे १९३६ साली फ्रान्समध्ये सिद्ध झाले होते. मात्र रोग दिसायला वर्ष-दीड वर्ष लागे. हॅडलोने सुचवले, कुरूचेही तसेच करून पाहा, पण घाई करू नका. १९६३ साली मृतांच्या मेंदूचा अंश चिंपांझींना टोचण्यात आला. सुमारे वीस महिन्यांनी ते थरथरू लागले. कुरू संसर्गजन्य ठरला. या कार्यासाठी गायडुसेकला १९७६ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण जंतू कुठे होता? तो सापडेना. लंडनमध्ये टिक्वा अल्पर या विदुषीने १९६६-६७ मध्ये स्क्रेपीवर असे किरण सोडले की ज्यांनी कोणत्याही विषाणूचे बीज नष्ट व्हावे. रोगाची शक्ती मात्र तशीच राहिली. अखेर १९८२ साली अमेरिकेच्या स्टॅन्ली प्रुसिनरने सांगितले की हे केवळ प्रथिन आहे, आणि त्याला ‘प्रायॉन’ असे नाव दिले. त्याची थट्टा झाली. १९९७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता निर्जीव प्रथिन वाढते कसे? खडीसाखर कशी करतात ते आठवा. दाट पाकात एक खडा सोडला की भोवतालची साखर त्याच्याच आकारात बसत जाते. खडा काही जिवंत नसतो. आपल्या मेंदूत एक प्रथिन स्वभावतःच असते, त्याची एक ठरावीक घडी असते. चुकीच्या घडीचे प्रथिन त्यात शिरले की शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडते, त्याने तिसऱ्याची, आणि असे वर्षानुवर्षे चालते. साध्या उकळण्याने ही घडी मोडत नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. इंग्लंडमध्ये गुरांना मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची पूड खुराकात देत. १९८६ साली तेथील गाई अडखळून पडू लागल्याचे ओळखले गेले. हा रोग पुढे पावणेदोन लाखांहून अधिक गुरांत आढळला, आणि अशा गुरांचे मांस खाऊन माणसांनाही तो झाल्याचे १९९६ मध्ये जाहीर झाले. गवत खाणाऱ्याला मांस चारले, त्याचे हे फळ. म्हणून जनावराच्या खुराकात काय आहे, हे विचारणे शहाणपणाचे.

भिण्याचे मात्र कारण नाही. रोग्याला स्पर्श केल्याने, शेजारी बसल्याने हा रोग होत नाही. माणसात आपोआप उद्भवणारा प्रकार जगभर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांनाच होतो. औषध अजून नाही, हेही खरेच. पण औषधावाचूनही कुरू गेला! मांस खाण्याची रीत १९५० नंतरच्या दशकात थांबली. त्यानंतर जन्मलेल्यांना तो झाला नाही. पूर्वी ज्यांच्या अंगात तो शिरला होता, त्यांच्यापैकी काहींना मात्र पन्नास वर्षांनीही त्याने गाठले.

गुरुजनहो, मुलांना एवढे अवश्य सांगा. ‘हे कोणी केले?’ असे विचारले, तेव्हा फोरे गावात आणखी एक माणूस मेला. ‘हे कसे झाले?’ असे विचारले, तेव्हा पुढची मुले वाचली.