फाटकाबाहेरची साईडपट्टी

नवे घर बांधून झाले की सगळ्यात शेवटी उरतो तो फाटकाबाहेरचा तुकडा. कंपाउंडची भिंत आणि डांबर यांच्यामधली चार-पाच फुटांची साईडपट्टी. आतली बाग ठरलेली असते, ओट्याची फरशी निवडून झालेली असते. बाहेरचे मात्र कुणी ठरवलेले नसते. मग गवंडी जाता जाता विचारतो, "दादा, इथे काय करायचं?" आणि उरलेले पेव्हर ब्लॉक तिथे बसतात. विरारच्या पूर्वेला, चांदीप-मांडवी-पारोळच्या पट्ट्यात आता बंगले आणि शेतघरे उठताहेत, तिथेही घराबाहेरच्या या पट्टीचे हेच होत आले आहे. फार तर दोन कुंड्या, एक फायकस आणि गाडी लावू नये म्हणून साखळी.

ही पट्टी सुंदर दिसावी ही इच्छा रास्तच. पण वसई तालुक्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तेव्हा रस्त्याकडेच्या जमिनीचे पहिले काम पाणी झेलण्याचे आहे. आपण नेमके उलटे करतो. जोत्याला भराव, भरावामुळे फाटक उंच, मग गाडी चढावी म्हणून काँक्रीटचा उतार. तो उतार थेट रस्त्याकडेच्या गटारात ओततात. खाली मोरीसाठी पाईप टाकायचा असतो, तो खर्चात मोडतो. एकाने असे केले की पाणी शेजाऱ्याच्या दारात थांबते. शेजारी पुढच्या वर्षी आपला उतार आणखी उंच करतो.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली होते, रेल्वे बंद पडली होती. नंतर महापालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी या संशोधन संस्थांना पुराच्या अभ्यासाला बसवले. त्या पुराची कारणे मोठी होती. कुणाच्या दारातल्या पाच फुटांनी तो टळला नसता, हे आधीच कबूल करतो. या पट्टीचा उपयोग जूनच्या पहिल्या सरींना, गणपतीनंतरच्या परतीच्या पावसाला आणि रोजच्या तुंबण्याला.

हिशोब सोपा आहे. घराची दर्शनी बाजू वीस फूट, पट्टी पाच फूट, म्हणजे शंभर चौरस फूट. समोरचा अर्धा रस्ता दहा फूट धरा. दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि जुलैत तो होतोच, तर पट्टी आणि रस्ता मिळून एवढ्या जागेवर साधारण २,८०० लिटर पाणी पडते. पट्टी रस्त्याच्या पातळीपासून बशीसारखी खोलगट केली, मधोमध सहा इंच खोल, तर एका वेळेला सातशे लिटरच्या आसपास पाणी तीत मावते. ते मुरले की जागा पुन्हा मोकळी. म्हणून पट्टी रस्त्यापेक्षा खाली हवी, आणि जास्तीचे पाणी गटारात जायला एका टोकाला वाट हवी. कडेला विटांची उभी किनार लावून आत माती उंच भरायची, ही आपली लाडकी पद्धत पाण्याला रस्त्यावरच अडवते.

भातखाचराची चिकणमाती असेल तर नुसते खोलगट करून भागत नाही, पाणी तसेच उभे राहते. अशा ठिकाणी दोन-अडीच फुटांचा चर खणून तळाला विटांचे तुकडे, त्यावर मुरूम आणि वर शेणखत मिसळलेली माती. वसईच्या पूर्व भागात वीटभट्ट्या आहेत. फुटक्या विटा लांबून आणाव्या लागत नाहीत. पाणी दिवस-दीड दिवसात उतरले पाहिजे. डासाला अंड्यापासून उडायला आठवडाभर लागतो, त्यामुळे एवढ्या वेळात मुरणाऱ्या पाण्याची धास्ती नको.

अमेरिकेतल्या सिएटल शहराने २००१ साली एका गल्लीचा रस्ता मुद्दाम अरुंद आणि वळणदार केला, दोन्ही कडांना असे खोलगट वाफे काढले आणि त्यांची निगा घरमालकांवर सोपवली. गल्लीतून वाहून जाणारे पाणी ९९ टक्क्यांनी घटल्याचे मोजणीत आढळले. हा आकडा जसाच्या तसा इकडे आणू नये. तिथे वर्षभरात हजार मिलिमीटरच्या आत पाऊस, तोही रिपरिप, आपला धो-धो. तत्त्व मात्र तेच.

लावायचे काय? पहिले नाव तामणाचे. महाराष्ट्राचे राज्यफूल असूनही रोपवाटिकेत त्याची आठवण करून द्यावी लागते. मुळात ओढ्याकाठचे झाड, पाय ओले राहिले तरी तक्रार नाही, आणि एप्रिल ते जून जांभळ्या फुलांनी लगडते. करंज तसाच सोशिक, सावली दाट. कोरड्या टोकाला बहावा. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर पारिजातक किंवा तगर. नाहीतर दर मे महिन्यात महावितरणची माणसे झाडाचा शेंडा उडवणारच. गुलमोहर नको. मादागास्करहून आलेला हा पाहुणा दिसतो देखणा, पण मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. वड, पिंपळ, उंबर फार थोर. पाच फुटांत आणि भिंतीलगत नकोतच.

खोलगट भागात वाळा लावावा. मुळे दोन-तीन मीटर खोल जातात, माती धरून ठेवतात. पाण्यात उभा राहतो आणि उन्हाळ्यातही मरत नाही. कडेने अडुळसा आणि निरगुडी, कारण गावात शेळ्या आहेत. कुंपणाला या झाडांची निवड आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही: शेळी अडुळशाला सहसा तोंड लावत नाही. कार्पेट लॉनचा मोह टाळलेला बरा. एप्रिल-मेमध्ये त्याला टँकरचे पाणी पाजायचे आणि पावसात त्याचा चिखल बघायचा, एवढेच हाती येते.

आता मालकीचे. ही जमीन बहुधा तुमची नाही, रस्त्याची आहे. लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष विभागाला विचारावे. साखळी, खांब, जाळी यांना अतिक्रमणच म्हणतात. चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळे हवेत, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शन आहे. आपली पट्टी तेवढी रुंद नसते, म्हणून झाडे एका कडेला सरकवून माणसांना वाट ठेवावी. शाळेची पोरे डांबरावरून चालण्यापेक्षा एक झुडूप कमी परवडले. फाटकाजवळ आणि वळणावर अडीच फुटांपेक्षा उंच काही नको, बाहेर पडणाऱ्या दुचाकीला येणारी गाडी दिसली पाहिजे. लॉस एंजेलिसमध्ये रॉन फिनली यांनी घरापुढच्या अशाच पट्टीत भाजीपाला लावला, तेव्हा नगरपालिकेने त्यांना नोटीस धाडली होती. लोकांनी आवाज उठवल्यावर २०१३ मध्ये शहराने नमते घेतले. आपल्याकडे अडचण उलट बाजूने येते. लावताना कुणी फारसे अडवत नाही, तोडताना अडवतात. महापालिकेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू होतो, म्हणजे स्वतः लावलेले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावी लागतात.

आधीच झाड उभे असेल तर बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडून काढा. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिला आहे. तेवढे अंतर चांदीपलाही पुरते.

रोपे जूनअखेर, जमीन पुरती भिजल्यावर लावावीत. खड्डा तीन फूट लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. पहिले दोन उन्हाळे मार्चपासून पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी, बुंध्याशी भाताचा पेंढा. तिसऱ्या उन्हाळ्यात तामण आपले आपण निभावून नेते. वाळा मात्र दर दोन वर्षांनी विरळ करावा लागतो, आणि उपटलेली रोपे शेजाऱ्याच्या पट्टीत खपतात.