३६ महिन्यांचा हिशेब : अमेरिकी फौजेतून प्री-मेडकडे

अमेरिकेत बारावीनंतर सहसा मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं एमडी आणि त्यापुढे रेसिडेन्सीची किमान तीन वर्षं. 'प्री-मेड' नावाची वेगळी पदवी नसते. पदवी इतिहासाची असली तरी चालते, फक्त तिच्याबरोबर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसकट झालेले असावे लागतात. फौजेतून बाहेर पडणाऱ्याला हा पल्ला ऐकूनच दम लागतो. वयाची अडचण मात्र सिव्हिलियन मेडिकल स्कूलमध्ये नसते; तिथे तिशीतले विद्यार्थी नवलाचे नाहीत. अडतं ते वेळेच्या आणि पैशाच्या हिशेबाशी, आणि हा हिशेब शेवटाकडून मांडला तरच सुटतो.

समजा, पंचविशीतली एक सार्जंट २०२६ च्या उन्हाळ्यात फौज सोडते आहे. तिने सगळ्यात आधी रसायनशास्त्राकडे बघावं. जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, ऑरगॅनिकची दोन, मग बायोकेमिस्ट्रीचं एक. पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याला बसू देत नाहीत, त्यामुळे कितीही घाई असली तरी ही पाच सेमिस्टर एकामागून एकच होणार. उन्हाळी वर्गांत थोडी काटछाट होते, पण दहा आठवड्यांत ऑरगॅनिक उरकण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही. म्हणजे २०२६ च्या ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर बायोकेमिस्ट्री २०२८ च्या डिसेंबरात संपते. एमकॅट २०२९ च्या वसंतात, अर्ज त्याच जूनमध्ये, मुलाखती हिवाळ्यापर्यंत आणि मेडिकल स्कूलचा पहिला दिवस २०३० च्या ऑगस्टमध्ये. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र या साखळीच्या आजूबाजूला बसवता येतं.

साखळीच्याही आधी गणित येतं. जनरल केमिस्ट्रीत द्रावणाचा पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो, आणि तो शाळा सुटल्यापासून कुणी पाहिलेला नसतो. मोलचं ग्रॅममध्ये आणि ग्रॅमचं मोलमध्ये रूपांतर पहिल्या महिन्यातच हाताखालून जावं लागतं. शेवटची सहा-आठ महिन्यांची नोकरी उरली असताना रोज संध्याकाळी तासभर बीजगणित केलं, तर पुढचं एक अख्खं सेमिस्टर वाचू शकतं.

आता पैसा. पोस्ट-९/११ जीआय बिल या योजनेत माजी सैनिकाला ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं. पूर्ण लाभासाठी एकूण ३६ महिने सक्रिय सेवा आणि सन्मानाने सुटका लागते. राज्याच्या सरकारी विद्यापीठात स्थानिक विद्यार्थ्याची सगळी फी त्यातून जाते, वर भाडंभत्ता आणि पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत मिळतात. कॉलेजचं वर्ष नऊ महिन्यांचं, म्हणून ३६ महिने म्हणजे बरोबर चार वर्षं. पण पदवी चार वर्षांची आणि एमडीही चार वर्षांची. शिदोरी एक आणि मुक्काम दोन.

बहुतेक जण ती पहिल्याच मुक्कामाला सोडतात. पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात त्या कम्युनिटी कॉलेजची फी वर्षाला चार-पाच हजार डॉलर असते. तेच नऊ महिने सरकारी मेडिकल स्कूलमध्ये वापरले तर त्याच्या कितीतरी पट फी भरली जाते. खासगी स्कूलमध्ये मात्र जीआय बिलाला कमाल मर्यादा आहे; २०२४-२५ मध्ये ती वर्षाला सुमारे २९ हजार डॉलर होती. वरची रक्कम यलो रिबन योजनेत भरून निघू शकते, पण किती जागा आणि किती पैसे द्यायचे हे ते ते स्कूल ठरवतं. तेव्हा स्वस्त वर्षं दुसऱ्या पैशातून भागवावीत. माजी सैनिकाला सरकारी मदतीच्या अर्जात आई-वडिलांचं उत्पन्न दाखवावं लागत नाही, त्यामुळे पेल ग्रँट हे सरकारी अनुदान मिळण्याची शक्यता चांगली असते. कम्युनिटी कॉलेजची फी बऱ्याचदा तेवढ्यात निघते.

याला दुसरी बाजू आहे. एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना प्रवेश मिळतो. मेडिकलसाठी राखलेले महिने मेडिकलच मिळालं नाही तर दुसऱ्या कुठल्या पदवीत घालावे लागतील, आणि तोवर भाडंभत्ताही सोडावा लागेल. घरी मूलबाळ असेल तर मी आधी भत्ता घ्या म्हणेन. एकट्याने राहणाऱ्याने निदान नऊ ते अठरा महिने मागे ठेवावेत. भत्ता महिना संपल्यावर हातात येतो आणि दोन सेमिस्टरांमधल्या सुट्टीचा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीचं भाडं आधीच बाजूला काढून ठेवावं लागतं, हे घर घेताना कुणी सांगत नाही.

आणखी एक खोच. जीआय बिल फक्त पदवीला मोजल्या जाणाऱ्या कोर्सचे पैसे देतं. इतिहास घेतला आणि ऑरगॅनिक त्या पदवीत कुठेच बसत नसेल, तर तो कोर्स स्वतःच्या खिशातून. म्हणून विषय नक्की करण्याआधी कॉलेजात जीआय बिलाचं काम बघणाऱ्या सर्टिफाइंग ऑफिशियलसमोर पदवीचा आराखडा ठेवून प्रत्येक विज्ञान कोर्स कुठे मोजला जाईल ते बघून घ्यावं.

नोकरीत असतानाची सोय म्हणजे ट्युइशन असिस्टन्स. दर क्रेडिटला २५० आणि वर्षाला ४,५०० डॉलरपर्यंत, जीआय बिलाला हात न लावता. यात इंग्रजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र उरकावं. प्रयोगशाळेचे कोर्स ऑनलाइन घेऊ नयेत. अनेक मेडिकल स्कूल ते मानत नाहीत. आणि मोहिमेवर जायची शक्यता असेल त्या सेमिस्टरला नावच घालू नये. सी पेक्षा खालची श्रेणी आली तर पैसे परत करावे लागतात, ते एकवेळ जमेल. श्रेणी मात्र पुसली जात नाही. मेडिकलच्या अर्जात आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं गुणपत्रक द्यावं लागतं. अठराव्या वर्षी डी मिळवलेला कोर्स पुन्हा करून ए मिळवला, तरी सरासरीत दोन्ही धरतात. सेवेमुळे कोर्स सोडावा लागला तर युनिटचं पत्र जोडून तशी नोंद करून घ्यावी.

एमकॅट साडेसात तासांची, गुण ४७२ ते ५२८. तिच्याबद्दल इतकं लिहिलं जातं की इथे भर नको.

मेडिक किंवा नौदलातला कॉर्प्समन, म्हणजे फौजेतला वैद्यकीय मदतनीस, असेल तर रुग्णांशी आलेला संबंध ही मोठी जमा. तरी अलीकडचा सिव्हिलियन अनुभव आणि डॉक्टरांच्या सोबत राहून पाहिलेलं काम लागतंच. शिफारसपत्रं विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांची हवीत. कमांडिंग ऑफिसरचं पत्र त्यात भर घालतं, त्यांची जागा घेत नाही. जाता जाता, १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठाने फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणाऱ्या साहाय्यकाचा, पहिला अभ्यासक्रम काढला तो नौदलातून आलेल्या चार कॉर्प्समनना घेऊनच. किमान अकरा वर्षांचा हिशेब जमत नसेल त्याने हा धंदा दुय्यम समजू नये.

वर्दी न उतरवताही एक वाट आहे. आपल्याला पुण्याच्या एएफएमसीमुळे आधी नीट आणि मग वर्दी हा क्रम ओळखीचा. इथे तो उलटा आहे. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या यूएसयूएचएस या लष्करी वैद्यकीय विद्यापीठाने २०१४ मध्ये पदवीधर शिपायांसाठी दोन वर्षांचा तयारी अभ्यासक्रम सुरू केला. निवड झालेल्यांना पगार चालू राहतो आणि अभ्यास हीच ड्यूटी. त्यानंतर प्रवेशाची हमी नाही, पण विज्ञानाची साखळी आणि एमकॅटची तयारी तिथेच होते. यूएसयूएचएसमध्ये फी नाही, उलट अधिकाऱ्याचा पगार मिळतो. बदल्यात सात वर्षं सेवा, आणि रेसिडेन्सीची वर्षं त्यात धरत नाहीत. सिव्हिलियन स्कूलमध्ये शिकून एचपीएसपी ही लष्करी स्कॉलरशिप घेतली तर चार वर्षांच्या फीला चार वर्षांची सेवा.

या वाटेने जाणाऱ्याला जीआय बिल मेडिकलसाठी राखायची गरजच नाही. सहा वर्षं सेवा झालेली असेल आणि आणखी चार वर्षांची तयारी असेल तर उरलेले महिने जोडीदाराच्या किंवा मुलांच्या नावावर करता येतात. तो अर्ज मात्र नोकरीत असतानाच द्यावा लागतो.