एरियलचा न दिसणारा अर्धा भाग

माजिवड्याहून गायमुखाकडे जाणाऱ्या घोडबंदर रस्त्याच्या डाव्या अंगाला येऊरचे डोंगर आणि उजव्या अंगाला उल्हास नदीची खाडी असल्यामुळे हा रस्ता वाहतुकीला जसा अपुरा पडतो, तसाच रेडिओलाही अडचणीचा ठरतो. मुंबईची एफएम केंद्रे डोंगराच्या पलीकडे आहेत, आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सर्वांत उंच माथा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंच असल्याने ओवळा, भाईंदरपाडा, नागला बंदर या पट्ट्यात सरळ रेषेत येणारी लहर बरीचशी डोंगराआड राहते. तेथे जे पोहोचते, ते एक तर डोंगरमाथ्यावरून किंचित वाकून, म्हणजे विवर्तनाने, आलेले असते किंवा उंच इमारतींवर आदळून परतलेले असते. धडधाकट एरियलला एवढी क्षीण लहरही पुरते. त्यामुळे गाडीवरचा एरियल मोडला, तर ते ठाण्याच्या पाचपाखाडीत सहसा लक्षात येत नाही, वाघबीळ मागे पडल्यावर लक्षात येते.

हा प्रश्न कॅम्पर व्हॅनच्या बाबतीत अधिक गुंतागुंतीचा होतो. झोपण्याची फळी, छोटी शेगडी, पाण्याची टाकी आणि जादा बॅटरी पोटात घेऊन फिरणारी ही गाडी महाराष्ट्रात अजून विरळाच दिसते. तथापि राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून तिच्याविषयी कुतूहल वाढले आहे, आणि ठाण्याहून अहमदाबाद महामार्ग गाठून डहाणूच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्यांना घोडबंदर रस्ताच सोयीचा पडतो. अशा गाड्या पुष्कळदा प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधल्या जातात आणि आत उभे राहता यावे म्हणून मूळचे पत्र्याचे छत कापून त्यावर फायबरग्लासचा उंच टप बसवला जातो. उंची वाढली की रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आणि उड्डाणपुलांच्या तोंडाशी लावलेले उंचीरोधक यांच्याशी पहिली गाठ एरियलच्या दांडीची पडते. मात्र दांडी बदलूनही रेडिओ नीट का लागत नाही, याचे उत्तर दांडीत नसून तिच्याखालच्या त्या फायबरच्या छतात असते.

एरियल म्हणजे हवेतून जाणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरीतील ऊर्जा तारेतील विद्युत्प्रवाहाच्या रूपात उतरवून घेणारा वाहक होय. हाइनरिख हर्ट्झ याने १८८७-८८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असा वाहक दोन समान बाहूंचा होता; मार्कोनीने १८९५ मध्ये एक बाहू उभा ठेवून दुसऱ्याच्या जागी जमिनीशी जोडणी केली, आणि गाडीवरचा एरियल याच दुसऱ्या जातीचा आहे. उभ्या दांडीखाली धातूचा पुरेसा विस्तीर्ण पत्रा असेल, तर आरशात जशी प्रतिमा दिसते तशी दांडीची विद्युतीय प्रतिमा पत्र्याखाली असल्यासारखा परिणाम घडतो आणि एका बाहूचा एरियल दोन बाहूंच्या एरियलसारखे काम करतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की डोळ्यांना दिसते ती दांडी हा अर्धाच एरियल असतो, आणि उरलेला अर्धा म्हणजे गाडीचे छत होय. गॅरेजमध्ये ‘बॉडी अर्थ’ या नावाने जे ओळखले जाते, त्याला एरियलच्या बाबतीत निव्वळ अर्थिंग समजणे म्हणजे सतारीच्या भोपळ्याला निव्वळ टेकू समजण्यासारखे आहे.

दांडीची लांबी किती असावी, हे तरंगलांबीवरून ठरते. लहरीच्या दोन लागोपाठच्या शिखरांमधील अंतर म्हणजे तरंगलांबी. तीनशेला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले, की ती मीटरमध्ये मिळते. आकाशवाणीची एफएम गोल्ड वाहिनी मुंबईत १००.७ मेगाहर्ट्झवर लागते, म्हणून तिची तरंगलांबी जवळजवळ ३ मीटर आणि तिचा चौथा भाग सुमारे ७५ सेंटिमीटर येतो. छतावर पाऊण मीटरची दांडी असते ती या हिशेबाने. लहरीशी ऊर्जेची देवाणघेवाण करण्याची एरियलची क्षमता ज्या राशीने मोजतात, तिला प्रारण-रोध म्हणतात. पाऊण मीटरच्या दांडीसाठी तो आदर्श स्थितीत सुमारे ३६ ओहम असतो आणि दांडी निम्म्यावर मोडली, तर तो निम्म्यावर न येता जेमतेम ६ ओहमपर्यंत घसरतो. उरलेले थोटूक ‘अर्धे तरी आहे’ म्हणून चालवून घेणाऱ्यांचा हिशेब चुकतो तो येथे. रबरात मढवलेल्या बोटभर लांबीच्या एरियलमध्ये लांब तार स्प्रिंगसारखी गुंडाळून बसवलेली असते. ती फांदीला अडकत नाही, पण उंची गमावल्याची किंमत तिलाही मोजावी लागते, आणि डोंगराच्या सावलीतील रस्त्यावर ती जाणवते.

मोडलेली दांडी फेकून देण्यापूर्वी तिचे तुटलेले टोक उजेडात धरून पाहण्यासारखे असते. दांडी बहुधा मधोमध तुटत नाही, तर बुडाशी, जेथे तिचा आटे पाडलेला खुंट बैठकीत शिरतो तेथे तुटते. तुटीचा संपूर्ण पृष्ठभाग खरखरीत आणि चमकदार असेल व जवळचा धातू वाकलेला असेल, तर दांडी एका फटक्यात मोडली, असे समजावे. उलट त्या पृष्ठभागाचा एक भाग गुळगुळीत, काळपट किंवा गंजकट असून त्यावर ओहोटीच्या वाळूत उमटतात तशा वक्र रेषा दिसत असतील आणि उरलेलाच तेवढा ताजा, खरखरीत असेल, तर दांडी महिनोन् महिने हळूहळू चिरत आलेली असते. फांदी हे केवळ निमित्त ठरते. या प्रकाराला धातूची थकावट म्हणतात. वारा गोल दांडीवरून वाहताना तिच्या मागे आलटून पालटून दोन्ही बाजूंना भोवरे सुटतात, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाला ३ मिलिमीटर जाडीच्या दांडीमागे त्यांची संख्या सेकंदाला हजाराच्या घरात जाते. खड्ड्यांचे हादरे वेगळेच, आणि त्या बाबतीत घोडबंदर रस्त्याची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. काही दांड्यांवर मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेला बारीक उंचवटा हा शोभेसाठी नसून भोवऱ्यांची ही लय मोडण्यासाठी असतो. वाकण्याचा ताण बुडाशी सर्वाधिक असतो, आट्याची प्रत्येक खाच चिरेला वाट करून देते, आणि योगायोग असा, की पाव तरंगलांबीच्या दांडीत विद्युत्प्रवाहही बुडाशीच सर्वांत जास्त असतो. म्हणजे जेथे दांडी दुबळी पडते, तेथेच जोडणी सर्वांत चोख असावी लागते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात बुडापासून होते. नवी दांडी आणण्यापूर्वी रेडिओच्या मागचा एरियलचा प्लग काढून त्याच्या मधल्या टोकाला पाऊण मीटर साधी तार टेकवली आणि तार खिडकीबाहेर धरल्यावर केंद्र लागले, तर रेडिओ निर्दोष असून बिघाड प्लगच्या पुढे आहे, एवढे दोन मिनिटांत कळते. त्यानंतर मल्टिमीटर लावावा लागतो: दांडीपासून प्लगच्या मधल्या टोकापर्यंत रोध जवळजवळ शून्य असावा, प्लगच्या बाहेरच्या कड्यापासून गाडीच्या पत्र्यापर्यंतही तसाच असावा, आणि मधले टोक व कडे यांच्यात मात्र साध्या एरियलमध्ये काहीही जोडणी दिसू नये. ती दिसली, तर बैठकीत पाणी शिरले आहे किंवा केबल चेपली आहे, असा संशय घ्यावा. ज्या एरियलच्या बुडाशी प्रवर्धक, म्हणजे लहर वाढवणारा छोटा परिपथ, असतो, त्याला ही शेवटची कसोटी लागू पडत नाही. तेथे रेडिओकडून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा पोहोचतो की नाही, हे आधी पाहावे लागते.

बैठकीत अडकलेला खुंट काढण्यासाठी त्यावर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे, मधोमध बारीक भोक पाडावे आणि उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर त्यात घट्ट बसवून तो डावीकडे फिरवत बाहेर काढावा. घाईने हातोडा मारला, तर बैठकीचे प्लास्टिक तडकते आणि पन्नास रुपयांचे काम पाचशेवर जाते. बैठक उघडल्यावर खाडीच्या खाऱ्या, दमट हवेचा हिशेब समोर दिसतो. पितळ आणि पोलाद हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले, की त्यांची जणू छोटी बॅटरी तयार होते आणि त्यात पोलाद खर्ची पडत जाते. पितळेवर हिरवट थर आणि पत्र्यावर तांबूस पापुद्रे आढळतात ते यामुळे. हा थर वरवरचा म्हणून दुर्लक्षिता येत नाही, कारण उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या गाभ्यातून न जाता केवळ सालीतून वाहतो, आणि १०० मेगाहर्ट्झला तांब्यातील या सालीची जाडी ७ मायक्रॉनांहूनही कमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी असते. छताच्या भोकाभोवतीचा रंग बैठकीच्या कड्याएवढा खरवडून धातू लख्ख करणे, कडे आवळणे, त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवणे आणि रबरी गॅस्केट नवे घालणे या चार साध्या गोष्टींत निम्मी दुरुस्ती येते.

उरलेली निम्मी केबलमध्ये असते, आणि तेथे एक चूक वारंवार घडते. कॅम्परमध्ये एरियल मागच्या टपावर आणि रेडिओ चालकापुढे असल्याने केबल वाढवावी लागते. तेव्हा हाताशी असलेली टीव्हीच्या डिशची केबल जोडली जाते, एफएम उत्तम लागते, सगळे समाधान पावतात आणि मध्यम लहरींवरची वाहिनी मात्र गायब होते. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ज्या ५५८ किलोहर्ट्झवर ऐकली जात आली आहे, त्या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ५३८ मीटर आहे. तिचा चौथा भाग १३४ मीटर होतो आणि एवढी दांडी गाडीवर उभारणे अशक्य असल्याने तेथे पाऊण मीटरची दांडी एरियल म्हणून नव्हे, तर जेमतेम १० पिकोफॅरडच्या धारित्रासारखी, म्हणजे अल्पसा विद्युत्भार साठवणाऱ्या घटकासारखी वागते. केबलची मधली तार आणि बाहेरची जाळी हेही एक धारित्रच असते, आणि दांडीने जमवलेला क्षीण दाब या दोघांत वाटला जातो. गाडीच्या रेडिओची खास केबल म्हणूनच वेगळी असते: तिच्यातील मधली तार केसासारखी बारीक व नागमोडी असून ती पोकळ नळीत सैल सोडलेली असते, ज्यामुळे धारिता मीटरमागे ३० पिकोफॅरडच्या आसपास राहते. डिशच्या केबलची धारिता त्याच्या साधारण दुप्पट असते. ३ मीटर लांबीचा हिशेब केला, तर पहिल्या केबलमधून दाबाचा दहावा हिस्सा रेडिओपर्यंत पोहोचतो आणि दुसरीतून विसावा. आधीच क्षीण असलेल्या लहरीला हा फरक मारक ठरतो. जोड देतानाही मधली तार आणि जाळी या दोन्हींना स्वतंत्र डाख लावावा, नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात कुजतो.

आता फायबरचे छत. काचेच्या तंतूंचे हे छत रेडिओलहरींना पारदर्शक आणि विजेला अवाहक असल्याने त्यावर बसवलेल्या एरियलला प्रतिमेसाठी आरसाच मिळत नाही. तेव्हा केबलची जाळी नाइलाजाने दुसऱ्या बाहूचे काम करू लागते आणि केबल जिकडून जाते तिकडचा सगळा गोंगाट गोळा करते. कॅम्परच्या पोटात इन्व्हर्टर, चार्जर आणि एलईडी दिवे यांची रेलचेल असते, आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी ही उपकरणे मध्यम लहरींवर घुंईऽऽ असा आवाज ओतत असतात. इन्व्हर्टर बंद करताच आवाज थांबला, तर निदान झालेच. यावर उपाय म्हणजे छताच्या आतल्या बाजूने, अस्तराखाली, एरियलच्या भोकाभोवती आरसा घडवणे: तांब्याच्या पातळ पट्ट्या, प्रत्येकी सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीच्या, चार दिशांना चिकटवून त्यांची मधली टोके बैठकीच्या कड्याला जोडावीत आणि एक जाड वेणीदार तार तेथून गाडीच्या पत्र्यापर्यंत न्यावी. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी स्वस्त पडते, पण तिच्यावर साध्या डाखाची पकड बसत नाही, आणि पोलादी स्क्रूशी तिचे खाऱ्या हवेत फार दिवस पटत नाही. सलग पत्राच हवा, असे मात्र नाही. तरंगलांबीच्या मानाने फटी लहान असतील, तर लहरीला त्या जाणवत नाहीत. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या महादुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीने बांधता आल्या, त्या याच तत्त्वावर.

हे सगळे नीट केल्यावरही घोडबंदर रस्त्यावरच्या मानपाड्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली, की चालू गाण्यात कधीकधी अचानक खरखर शिरते आणि गाडी हातभर पुढे सरकल्यावर गाणे पूर्ववत होते. सरळ आलेली लहर आणि टोलेजंग इमारतीवरून परतलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना पूरक ठरतात, तर काही ठिकाणी मारक. समोरासमोरून येणाऱ्या दोन लहरींत अशा दोन मुक्या जागांमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे, म्हणजे एफएमसाठी सुमारे दीड मीटर असते, आणि मुक्या जागेपासून बोलक्या जागेपर्यंतचे अंतर पाऊण मीटर. या खरखरीचा एरियलशी संबंध नसतो, त्यामुळे तेवढ्यासाठी बैठक पुन्हा उघडण्याचे कारण नाही. सिग्नल सुटेपर्यंत थांबावे लागते, इतकेच.